ॲम्ब्रोज टॉलीची बायको

१२ सप्टेंबर १९२७, सोमवार

ही वही मी लाकूड कापायच्या गिरणीत फळ्यांची मोजणी लिहायला घेतली होती. गिरणी बंद आहे. उन्हाळाभर पाऊस नाही, ओढ्यात पाणी नाही, चाक फिरत नाही. पहिली बारा पानं फळ्यांची आहेत, ती फाडवली नाहीत. इथून पुढे दुसरा विषय.

डेल्फी आज पहिल्यांदा शाळेत गेली. नऊला गेली आणि दहा वाजून गेल्यावर परत आली. एकटी, दोन मैल चालत, हातात चिठ्ठी. सात वर्षांची पोर. लेटी आत्यानं विचारलं, "काय गं, मार खाल्लास?" तर म्हणाली, "नाही. मला बसायला सांगितलंच नाही."

चिठ्ठी मी तीनदा वाचली. नव्या कायद्याप्रमाणे गोऱ्या मुलांच्या शाळेत फक्त निर्भेळ गोऱ्या रक्ताची मुलं बसू शकतात. टॉली कुटुंबाविषयी शंका आली आहे. तरी कुटुंबानं आपला वंश मूळ पुरुषापर्यंत कागदोपत्री आणि शपथेवर सिद्ध करावा. शाळा मंडळाची बैठक १० ऑक्टोबरला. 'निर्भेळ' हा शब्द चुकीचा लिहिला होता. मी पेन्सिलीनं दुरुस्त केला, मग वाटलं आपण असं करायला नको होतं, आणि दुरुस्ती खोडली. आता तिथे काळा डाग पडला आहे.

काळ्या मुलांची शाळा डोंगरापलीकडे चौदा मैलांवर आहे. तिकडे जाणं म्हणजे शंका खरी म्हणणं.

बाबा ओसरीवर पडल्या पडल्या म्हणाले, "आम्ही रापलेले आहोत, बस. उन्हात ओंडके ओढून बघा म्हणावं मंडळाला, तेही रापतील." ओंडक्यानं पाठ मोडल्यापासून बाबा तीन वर्षं सावलीतच आहेत. पण ते मी बोललो नाही.

घरात सहावीपर्यंत शिकलेला मी एकटाच. तेव्हा हे काम माझ्याकडे आलं.

संध्याकाळी रूशीच्या झऱ्यावरून पाणी आणलं. सगळ्या खोऱ्यात सध्या तो एकच वाहतो आहे. (हे नाव मी कानाला ऐकू येतं तसं लिहिलं आहे. ते कुठल्याही नकाशावर नाही, त्यामुळे शुद्ध कसं लिहायचं ते मला ठाऊक नाही.)

१४ सप्टेंबर

आत्या घराण्याचं बायबल पिठाच्या पेटीत ठेवते. मागितलं तर म्हणाली, "त्यात काय आहे? जन्म आणि मरण. दोन्ही तुला माहीत आहेत."

बरीच मिनतवारी केल्यावर दिलं. मधल्या कोऱ्या पानांवर बाबांचा जन्म आहे, त्यांचे वडील एसा, एसाचे वडील डेव्हिड. त्याआधीचं पान नाही. मी म्हटलं, "आत्या, एक पान गेलंय."

"उंदरांनी खाल्लं."

मी नीट पाहिलं. कडा सरळ आहे, पट्टी ठेवून कापल्यासारखी. उंदीर इतकं सरळ खात नाहीत. पण आत्या कशाला खोटं बोलेल? पान आधीच कुणी कापलं असेल आणि तिला तसं सांगितलं असेल. मी तसं टिपून ठेवलं.

१७ सप्टेंबर, शनिवार

जिल्ह्याच्या कोर्टात गेलो. अकरा मैल जायला, अकरा यायला. उजव्या बुटाचा तळ सुटला आहे.

दप्तराची खोली तळघरात आहे. तिथे मिस्टर प्युरिअर म्हणून एक म्हातारे गृहस्थ बसतात. कोटाला शाईचे डाग, खोकला, आणि तोंड सतत काहीतरी चघळत असतं.

"नाव?"

"अल्विन टॉली, सर."

"कोणते टॉली?"

"खोऱ्यातले."

त्यांनी चघळणं थांबवलं. "खोऱ्यातले. बरं. आधी बूट झाड, पोरा. इथली पुस्तकं तुझ्या खापरपणजोबांपेक्षा म्हातारी आहेत, त्यांना धूळ सोसत नाही."

मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती वाचली, डाग पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शिकलेला दिसतोस."

मी सहावीपर्यंत म्हणून सांगितलं.

"मंडळात दोघे जण तिथपर्यंतही पोहोचलेले नाहीत. चल, एकेक पिढी मागे जाऊ. माणसं खोटं बोलतात, बायबलंही कधी कधी बोलतात. जमीन जागची हलत नाही. ती कुणाकडून कुणाकडे आली ते बघ."

डेव्हिडला जमीन त्याच्या बापाकडून मिळाली, त्याचं नाव एलायजा. आज एवढंच. पुस्तकातली ओळ जशीच्या तशी उतरवली. आमचं आडनाव एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिलं आहे. मी तिन्ही तशीच ठेवली. दुरुस्त करायचा फार मोह झाला होता.

२१ सप्टेंबर

एलायजाला जमीन ॲम्ब्रोज टॉलीकडून आली. आणि ॲम्ब्रोजला १७५५ साली थेट इंग्लंडच्या राजाच्या सनदेनं मिळाली, एकशे ऐंशी एकर. म्हणजे मूळ पुरुष सापडला. मी 'हो!' असं मोठ्यानं म्हणालो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाय आपटला.

पण लगेच शंका आली. हा ॲम्ब्रोज आमचाच कशावरून? तेव्हा दुसरा ॲम्ब्रोज टॉली नसेल कशावरून?

मिस्टर प्युरिअर म्हणाले, "सनदेत हद्द दिली आहे ना? घरी जा आणि चालून बघ. हद्द जुळली तर जमीन तीच. जमीन तीच तर माणूस तोच."

हद्द अशी आहे: झऱ्याच्या वरच्या पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून उत्तरेला ओढ्याकाठच्या चेस्टनटपर्यंत, तिथून दगडांच्या राशीपर्यंत, तिथून कड्याच्या कडेनं परत ओकपाशी. प्रत्येक बाजूची लांबी काठ्यांमध्ये दिली आहे. जुने लोक ज्या लांबीची काठी धरत तेवढ्याच लांबीची मी तासून घेतली.

२३ सप्टेंबर

काल आणि आज हद्दीनं चाललो. चेस्टनट गेलं आहे, त्याचं खोड आहे. ओक वीज पडून अर्धा जळाला आहे, पण उभा आहे. त्याच्या सालीखाली तीन खाचा बोटांना लागतात. सर्व्हेअर अशाच खाचा मारायचे. दगडांची रास मला सापडेना. कमरेएवढ्या काटेरी वेलींत दीड दिवस गेला. शेवटी तिच्यावरच बसून पाणी पीत होतो तेव्हा लक्षात आलं.

हद्द जुळली. चार काठ्यांचा फरक आला, पण माझी काठी दोनदा घसरली होती.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "एवढं चालून कळलं काय, तर आपण इथंच राहतो."

आत्या हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग विचारलं, "झऱ्याबद्दल काही लिहिलंय का त्या कागदात?"

म्हटलं, "नुसता झरा. नाव नाही."

"बरं," म्हणाली आणि चुलीकडे वळली.

२८ सप्टेंबर

आज फार चांगली गोष्ट सापडली. घाईनं लिहितो आहे, अक्षर बिघडलं तर माफी असावी. (कुणाची मागतो आहे, ठाऊक नाही.)

ॲम्ब्रोजच्या बायकोचं नाव मिळालं. १७६१ सालची डोईपट्टीची यादी आहे. प्रत्येक घरमालकाचं नाव, पुढे त्याच्या घरातल्या कर लागणाऱ्या माणसांची नावं: सोळा वर्षांवरचे मुलगे, गुलाम. पानावर एकतीस घरं आहेत. तीस घरांत बायकोचा उल्लेखसुद्धा नाही. फक्त आमच्याच ओळीत लिहिलं आहे: 'ॲम्ब्रोज टॉली, आणि जेरूशा त्याची पत्नी. एकूण दोन.'

एकतीसमध्ये एक! मी मिस्टर प्युरिअरना बोलावून दाखवलं. म्हटलं, "त्या काळी बायकांना कोण विचारत होतं, सर? पण ॲम्ब्रोजनं बायकोचं नाव लिहायला लावलं. केवढा मान असेल तिचा!"

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "तू जेवलास का?"

नाही म्हटलं. त्यांनी डब्यातली हॅम घातलेली पोळी अर्धी करून दिली. खाताना विचारलं, "बहीण किती वर्षांची?"

"सात."

"वाचायला येतं?"

"अक्षरं येतात. मी शिकवलीत."

"हे बघ अल्विन. तुझ्याकडे सनद आहे, खरेदीखतं आहेत, हद्द जुळली आहे. तेवढं पुरे. हे पान सोड."

"पण हे तर सगळ्यात चांगलं पान आहे, सर!"

त्यांना खोकला आला आणि ते बाहेर निघून गेले. म्हातारी माणसं दमली की तुसडी होतात. मी पान उतरवून घेतलं, स्वच्छ, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. शपथपत्राला तेच वर जोडणार.

१ ऑक्टोबर, शनिवार

आज लिहायचं नव्हतं. पण एक दिवस गाळला की मला झोप लागत नाही.

जेरूशाचं लग्न कधी झालं ते शोधायला कोर्टाच्या हुकमांचं पुस्तक उघडलं. लग्न सापडलं नाही. १७६० सालची एक नोंद सापडली: 'ॲम्ब्रोज टॉली याने आपली पत्नी करपात्र असूनही यादीत न दाखवता लपवली, म्हणून त्याच्यावर आरोप.'

मी मिस्टर प्युरिअरना विचारलं, "लपवली म्हणजे काय, सर? बायको कशी लपवतात? आणि तिच्यावर कर कसा, बाकी कुणाच्या बायकोवर नसताना?"

ते म्हणाले, "बाहेर ये."

कोर्टाच्या मागे घोडे बांधायच्या दांडीशी बाक आहे, तिथे बसलो.

"मी तुला पान सोड म्हटलं होतं."

"हो सर."

"गोऱ्या बाईवर त्या काळात डोईपट्टी नव्हती. पुरुषांवर होती, गुलामांवर होती. आणि ज्या बायका गुलाम नव्हत्या पण काळ्या होत्या किंवा मिश्र रक्ताच्या, त्यांच्यावर होती. यादीत बायकोचं नाव आलं ते मानानं आलं नाही, पोरा. आदल्या वर्षी त्यानं ते लिहिलं नाही, म्हणून कोर्टात खेचला. पुढच्या वर्षी लिहिलं."

मी विचारलं, "आणि ॲम्ब्रोज?"

"त्याच्याबद्दल कागद काही बोलत नाही. तिच्याबद्दल बोलतो."

मी हात पाहिले. का पाहिले, ठाऊक नाही. ते कालच्यासारखेच होते, काट्यांनी ओरबाडलेले.

"नव्या कायद्याला तसल्या रक्ताचा एक थेंब पुरतो," ते म्हणाले. "पण मंडळ इथे येऊन पुस्तकं चाळणार नाही. त्यांना पायऱ्या उतरायचा कंटाळा. आणि सगळ्यांची पुस्तकं उघडायची म्हटली तर अर्ध्या मंडळालाच शाळेबाहेर खुर्च्या मांडून बसावं लागेल. तू एवढंच लिही: पत्नी, नाव माहीत नाही. या जिल्ह्यातल्या बड्या बड्या घराण्यांच्या वंशावळीत तेच लिहिलंय. कुणी हरकत घेत नाही."

"पण मला तर माहीत आहे."

"तेच तुझं दुर्दैव," ते म्हणाले आणि पाठीवर हात ठेवला. हात फार हलका होता.

अकरा मैल. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून आलो, रस्त्यानं कुणी भेटू नये म्हणून.

३ ऑक्टोबर

बाबांना सांगितलं. आत्या शेजारीच बसून घेवड्याच्या शेंगा सुतात ओवत होती, हिवाळ्यासाठी वाळवायला. तिनं सुई थांबवली नाही.

बाबांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग झालं. माहीत नाही असं लिही. ती बाई मरून सव्वाशे वर्षं झाली, तिला काय फरक पडतो? डेल्फीला पडतो."

"शपथेवर आहे, बाबा. बायबलवर हात ठेवून."

"आपल्या बायबलवर ठेव," बाबा म्हणाले. "त्यातलं पान तसंही उंदरांनी खाल्लंय."

आत्यानं मान वर केली नाही.

मी आयुष्यात कधी मोजणीतली फळी चुकवली नाही. मुकादम म्हणायचा, टॉलीचं पोरगं एक खिळासुद्धा हिशेबाबाहेर जाऊ देणार नाही. आणि आता एक सबंध बाई.

७ ऑक्टोबर

लिहिलं. मूळ पुरुष: ॲम्ब्रोज टॉली. पत्नी: नाव माहीत नाही. पाच वेळा कागद बदलला, कारण त्या ओळीवर आलं की शाई सांडायची. सहाव्या खेपेला सांडली नाही. कोर्टात शपथ घेतली. मिस्टर प्युरिअर साक्षीला होते. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "सुरेख अक्षर." मला ते आवडलं नाही.

सगळे कागद सनदेपासून क्रमानं लावले, सुतळीनं बांधले, माझी दुहेरी गाठ मारली. १७६१ चं पान घरी ठेवलं, या वहीत.

१० ऑक्टोबर, सोमवार

डेल्फीला आत्यानं पहाटेच न्हाऊ घातलं, केस इतके घट्ट विंचरले की पोरीचे डोळे ताणले गेले. निळा झगा. आम्ही एक तास आधी पोहोचलो आणि तीन तास बसलो.

आत सहा माणसं. मी गठ्ठा टेबलावर ठेवला. बोलायचं पाठ करून गेलो होतो, पण अध्यक्षांनी हात वर केला. ते डेल्फीला म्हणाले, "इकडे ये, खिडकीपाशी." तिला उजेडात उभं केलं. हात पुढे कर म्हणाले. तिची नखं पाहिली, एकेक करून, दहाही. नखांच्या मुळाशी रक्त दिसतं म्हणतात. मग मान झुकवायला लावून मानेवरचे केस पाहिले. गुरांच्या बाजारात दावणीच्या जनावराला पाहतात तसं.

डेल्फी म्हणाली, "मी नखं धुतलीत."

एक जण हसला. अध्यक्षांनी बाकीच्यांकडे पाहून मान हलवली. लिहिणाऱ्यानं काहीतरी लिहिलं, लहानसंच, एका ओळीएवढं.

मी म्हटलं, "सर, कागद..."

"राहू दे, पोरा. शंका कायम आहे. तुमच्यासाठी डोंगरापलीकडे शाळा आहेच."

"पण हे सनदेपासून आहे, सर. हद्द मी स्वतः..."

"पुढचं प्रकरण," ते म्हणाले.

गठ्ठा परत घेतला. बाहेर आल्यावर पाहिलं, दुहेरी गाठ माझीच होती. कुणी हात लावला नव्हता.

म्हणजे मी तिला खोडलं ते कुणी वाचलंसुद्धा नाही.

येताना डेल्फी दमली, तिला पाठीवर घेतलं. कानाशी विचारत होती, "माझी नखं वाईट आहेत का रे?" मी म्हटलं नाही. "मग त्यांनी दहाही का बघितली? पाच बघून कळलं नसतं?" मी तिला पाठीवर जरा वर सरकवलं.

१३ ऑक्टोबर

गिरणी अजून बंद. सकाळी झऱ्यावरून चार खेपा पाणी. दुपारी ओसरीवर डेल्फीची शाळा घेतली. कागद नव्हता, म्हणून गठ्ठ्याची गाठ सोडली. शपथपत्र एका बाजूनं कोरं आहे, वाया का घालवायचं. कित्ता म्हणून तिच्यापुढे १७६१ चं पान ठेवलं. त्यातलं अक्षर माझं सगळ्यात चांगलं आहे. दुसरं काही कारण नव्हतं. किंवा असेल.

तिनं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत उतरवलं. मग बोट ठेवून वाचलं. "ॲम्ब्रोज टॉली. आणि जे... रू... शा. त्याची पत्नी." मग विचारलं, "ही कोण?"

बाबा डोंगराकडे पाहू लागले. मी दौतीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

आत्या शेंगा ओवतच म्हणाली, "जेरूशा म्हणे. तसं तिला सरकारच म्हणत असेल. घरात रूशी म्हणायचे."

मी विचारलं, "कोण म्हणायचे, आत्या?"

"माझी आजी. तिच्या आजीनं तिला सांगितलेलं, पाण्याला जाता जाता. घर बांधायच्या आधी झरा तिनंच शोधला, म्हणून त्याला तिचं नाव." तिनं सूत दातानं तोडलं. "तिचं पान मी कापलं. उंदरांनी नाही. तुझ्या बाबाला शाळेत घालायचं होतं, मास्तरांनी वंश बघायला बायबल आणा म्हणून सांगितलं. मी सतरा वर्षांची होते. मेंढ्यांच्या कातरीनं कापलं, खाली पट्टी ठेवून."

बाबा म्हणाले, "लेटी."

"काय लेटी? तेव्हा चाललं. तू तीन वर्षं शिकलास की."

 बाबांनी कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळानं तिकडूनच म्हणाले, "पाणी गोड आहे तिचं," आणि डेल्फीनं लगेच उठून त्यांना पेला भरून दिला. त्यांना तहान लागली आहे असं तिला वाटलं.

मी वही मागे चाळत गेलो, पहिल्या दिवसापर्यंत. महिनाभर मी तिला तळघरात शोधत होतो. १२ सप्टेंबरला, शेवटच्या ओळींत, मी तिचं नाव लिहून ठेवलेलं आहे, आणि पुढे कंसात, ते शुद्ध कसं लिहायचं ठाऊक नाही म्हणून.

कंसावर रेघ मारली. नाव तसंच ठेवलं.